वाकडा दोरा

खोली पाहायला गेले तेव्हा घरमालकांनी माझं गाव विचारलं नाही, पगार विचारला नाही, एकटी राहणार की सोबत कोणी येणार तेही विचारलं नाही. हातात खडू दिला आणि म्हणाले, "मॅडम, या भिंतीवर एक आडवी रेघ मारा. पट्टी नाई भेटणार."

मी प्राथमिक शाळेत शिकवते, फळ्यावर रोजच रेघा मारते. मारली. ते दोन पावलं मागे सरकले, मान तिरपी करून पाहिलं आणि म्हणाले, "डाव्या अंगाले जराशी उतरली. पन चालते. तुमच्या आधी एक बँकवाला आला होता, त्याची तं सापावानी गेली."

बँकवाल्याला खोली मिळाली नव्हती. मला मिळाली.

वडशाला मी त्यांच्याकडे चार वर्षं राहिले. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे, मीही म्हणू लागले. त्यांची सगळी नोकरी माजरीच्या कोळसा खाणीत गेली, सर्वेच्या कामावर. जमिनीखाली बोगदा खणत जाताना तो सरळ चाललाय की भरकटलाय, हे दुर्बिणीला डोळा लावून सांगायचं. निवृत्त होऊन गावी परतले, पण काम काही अंगातून गेलं नाही. सदऱ्याच्या खिशात पितळेचा ओळंबा असायचा. दोऱ्याला बांधलेलं वजन, जे सोडून गवंडी भिंत उभी सरळ आहे की नाही ते पाहतो. भाऊ तो कुठेही काढायचे. शेजारच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू असताना त्यांनी मांडवाच्या खांबाला ओळंबा लावला आणि नवरदेवाच्या मामाला खुणेनं बोलावून खांब सरळ करायला लावला. दुसऱ्याच्या घरी गेले की आधी भिंतीवरच्या तसबिरी सरळ करायचे, मग बसायचे. त्यांच्या अंगणात रांगोळी घालायची माझी कधी हिंमत झाली नाही.

"वाकडं पाहून जो मानूस गप बसते," ते म्हणायचे, "त्याच्यासंगं खाली उतरू नये." खाली म्हणजे खाणीत.

दुसरा नाद मोबाइलचा. त्याला ते मास्तर म्हणत. टाइप कधी केलं नाही. ओट्यावर बसायचे, फोन तोंडासमोर पोळीसारखा आडवा धरायचे आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे, "सांगा मास्तर, धानाले करपा आला, काय फवारावं?" मास्तरला आमची झाडी बोली धड कळायची नाही. 'काऊन', म्हणजे 'का', म्हटलं की तो 'कानून' लिहायचा. एकदा भाऊंनी विचारलं, कोंबडी अंडे देऊन नाई राह्यली, काऊन? फोननं त्यांना पाळीव प्राण्यांचा कायदा वाचून दाखवला. भाऊंनी तो शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाले, "मास्तर शिकलेला आहे, पन आपल्या इकडचा नाई." तरी विश्वास त्याच्यावरच. "मानूस लाजेपायी खोटं बोलते. याले लाज नाई."

त्यांच्या पत्नीला आम्ही बाई म्हणायचो. भाऊंचं सगळं खपवून घेणारी, हसरी बाई. सकाळी ती केस विंचरून बाहेर आली की भाऊ तिच्याकडे पाहायचे आणि म्हणायचे, "भांग वाकडा पडला." ती आत जाऊन पुन्हा पाडायची. पहिल्या वर्षी हे कधीमधी व्हायचं. तिसऱ्या वर्षी रोज होऊ लागलं, कधी दोनदा, कधी तीनदा. एके दिवशी तिनं फणी अंगणात भिरकावली. "तुम्हीच पाडा आता दुर्बीण लावून!" मी माझ्या दाराआड तोंडावर पदर धरून हसत होते.

पेपर वाचताना ते चिडायचे. "मधातले अक्षर खातेत हे लोक. शाई वाचवून राह्यले." हिवाळ्यात आमच्याकडे नाटकांचा हंगाम असतो, मंडपात दोन-दोन हजार माणूस बसतं. एका नाटकात राजवाड्याचा पडदा उघडला आणि भाऊ उभे राहून ओरडले, "अरे, खंबा वाकला! मानसं सरका!" खांब पडद्यावर रंगवलेला होता. लोक इतके हसले की राजाला आपलं वाक्य पुन्हा म्हणावं लागलं.

हे सगळे किस्से मी शाळेत सांगायचे. रंगवून सांगायचे, त्यांच्या आवाजात. डबा खायच्या सुट्टीत बाकीच्या शिक्षिका विचारायच्या, "मग, काल काय केलं तुमच्या भाऊंनी?" मला ते आवडायचं.

चौथ्या वर्षी भाऊंनी माडीवर एक खोली काढायला घेतली आणि गवंडी पळून जाऊ लागले. पहिला आठ दिवसांत गेला. दुसऱ्यानं एक भिंत दोनदा पाडून बांधली आणि थापी घेऊन निघून गेला. तिसरा म्हातारा होता, आसपासच्या गावांत नाव असलेला. त्याच्या भिंतीला कोणी बोट लावलं नव्हतं आजवर. एका रविवारी सकाळी वरून आवाज येऊ लागले म्हणून मी जिन्यावर गेले. फोन हातात होताच.

"ही भिंत मधात पोट काढून राह्यली," भाऊ म्हणत होते.

"भाऊ, ओळंबा लावून पाहा."

"तूच लाव."

गवंड्यानं ओळंबा सोडला. वजन डोललं, थांबलं. दोरा वरपासून खालपर्यंत भिंतीशी सारखा होता, मला जिन्यावरून दिसत होतं.

"आता?" गवंडी म्हणाला.

भाऊ जवळ गेले. मागे आले. पुन्हा जवळ गेले. मग ठासून म्हणाले, "तुहा दोराच वाकडा आहे."

मजूर हसत खाली बसले. गवंडी हसला नाही. "भाऊ, खाली वजन बांधलेला दोरा वाकडा कसा राहीन?"

"मले काय इचारते? दोऱ्याले इचार!"

मी ते सगळं फोनवर घेतलं होतं. दुपारी आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर टाकलं. 'आमचे घरमालक' एवढंच लिहिलं आणि हसरे चेहरे. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ वडसाभर झाला होता. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावरून कोणीतरी ओरडलं, "काऊन भाऊ, दोरा सरळ झाला का?" कोणाला उत्तर न देता निघून जाताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. गवंडी कामावर आला नाही. ओळंबा खिशातून निघेनासा झाला.

चार दिवसांनी चंद्रपूरहून माझ्या लहानपणच्या शाळेतल्या मैत्रिणीचा फोन आला. ती तिथल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला आहे, तपासणीच्या यंत्रावर.

"तो दोऱ्यावाला व्हिडिओ तू टाकला का वं?"

"हो ना! तुझ्यापर्यंत पण आला? आम्ही तर हसून हसून—"

"मी नाई हसली," ती म्हणाली. "ते भाऊ कोन आहेत? त्याइले खरंच दोरा वाकडा दिसून राह्यला. डोळ्याच्या मागच्या पडद्यात पानी झिरपलं का सरळ रेघ वाकडी दिसते. चौकटीची वही आहे ना तुह्यापाशी? गणिताची? मधात एक ठिपका काढ. एक डोळा झाकून त्याइले इचार काय दिसते. आजच इचार."

मी वही घेऊन ओट्यावर गेले. भाऊंना वाटलं मी मुलांच्या वह्या तपासतेय. म्हटलं, "भाऊ, डावा डोळा झाका आणि हा ठिपका बघा."

"कुठला ठिपका?"

"हा. मधला."

"मधात काही नाई. मधात धूर आहे."

मी वही जवळ नेली, लांब नेली. मग म्हटलं, आता उजवा झाका. डाव्यानं त्यांना ठिपका दिसला. पण त्यांनी बोटानं वहीवरच्या रेघा गिरवून दाखवल्या, तेव्हा बोट सरळ गेलंच नाही. मध्ये खाली उतरलं, पुन्हा वर आलं. "जाळं पान्यात सोडल्यावानी दिसते," ते म्हणाले. "तुमच्या वहीची छपाईच खराब आहे, मॅडम."

बाई दारात उभी होती. तिनं कपाळावरचा पदर मागे घेतला आणि भांगावरून हात फिरवला. मला वर बघवेना.

दोन दिवसांनी आम्ही तिघं सकाळच्या गाडीनं निघालो आणि चंद्रपूरच्या चांदा फोर्ट स्टेशनला उतरलो. भाऊ यायला तयार नव्हते. बाईनं त्यांना एकच वाक्य ऐकवलं, "भिंत तपासता, डोळे तपासाले काय होते?" दवाखान्यात डॉक्टरांनी आधी दोन्ही डोळ्यांत बाहुली मोठी करायचं औषध घातलं, आत पाहिलं आणि चिठ्ठीवर इंग्रजीत तीन अक्षरं लिहिली. ओसीटी. बाहेर बसा, म्हणाले, नंबर आला की फोटो काढतील.

मला सोनोग्राफी माहीत होती, सिटी स्कॅन माहीत होता. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा फोटो निघतो हे मला, पोरांना शिकवणाऱ्या बाईला, माहीत नव्हतं. बाकड्यावर बसलेल्या कोणालाच माहीत नसावं. एकानं विचारलं, "करंट लागते का त्यात?"

भाऊंनी फोन काढून माझ्या हातात दिला. "मले आता सगळं पांढरं दिसून राह्यलं. तुम्ही इचारा मास्तरले, ओसीटी म्हंजे काय."

मी सर्चच्या चौकटीवर बोट ठेवलं. अजून काही लिहिलंही नव्हतं, तर खाली त्यांनी आधी विचारलेले प्रश्न उघडले. प्रत्येकाच्या बाजूला घड्याळाची लहानशी खूण.

भिंत वाकडी कानून दिसते.

सरळ रेघ वाकडी कानून दिसते.

खंबा मधातून वाकला दिसते.

भिंत वाकडी कानून दिसते.

बायकोचं तोंड पुसल्यावानी कानून दिसते.

मी तारखांची पूर्ण यादी उघडून खाली खाली जात राहिले. तेच प्रश्न, पुन्हा पुन्हा, थोडे शब्द बदलून. कोणाला सहज विचारावं तसे नव्हते ते. सगळ्यात जुना दोन पावसाळ्यांआधीचा. दोन वर्षं हा माणूस अगदी बरोबर प्रश्न विचारत होता. आणि मास्तरनं त्याला काय सांगितलं होतं? मी त्यांनी उघडलेली पानं पाहिली. दोन घरांच्या सामाईक भिंतीचा कायदा. प्लास्टर कसं करावं. ईशान्येची भिंत बिघडली तर कोणती शांती करावी. माडीच्या कोपऱ्यात भाऊंनी लिंबू-मिरची का टांगली होती ते मला त्या बाकड्यावर कळलं. एकाही प्रश्नात डोळा हा शब्द नव्हता.

सगळ्यात वरचा प्रश्न मी आधी ओलांडून गेले होते. तो आता वाचला. त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशीचा होता.

मानूस पागल होते तवा त्याले समजते का.

"काय म्हनते मास्तर?" भाऊंनी विचारलं.

शेजारी बाई होती, तिला वाचता येत नव्हतं, ती माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती. मी कशीबशी म्हणाले, "फोटो आहे भाऊ. दुखत नाही."

यंत्रावर माझीच मैत्रीण होती. हनुवटी इथे ठेवा, कपाळ टेकवा, आतल्या हिरव्या खुणेकडे बघा, हलू नका. भाऊंना यातलं काही दोनदा सांगावं लागलं नाही. दुर्बिणीला डोळा लावायची सवय, मूर्तीसारखे बसले. दोन मिनिटांत झालं. मग डॉक्टरांनी मोठ्या पडद्यावर फोटो लावला आणि तो त्यांना समजावून सांगायच्या आधीच भाऊ खुर्ची सोडून पुढे गेले. मान वळवून, कडेनं पाहत होते, तसंच त्यांना दिसत असावं.

डोळ्याचा फोटो म्हणजे डोळा दिसेल असं मला वाटलं होतं. तिथे नुसते थर होते. एकावर एक, बारीक, करडे-पांढरे, जमीन उभी कापल्यासारखे.

"हे तं सीमचा नकाशा आहे," भाऊ म्हणाले. खाणीतल्या कोळशाच्या थराला ते लोक सीम म्हणतात. त्यांनी बोट ठेवलं. "हा डावा ना? इथी थर वर उचलला. खाली काळं दिसते ते पानी. पानी शिरलं खदानीत."

डॉक्टर त्यांच्याकडे पाहतच राहिले. "बरोबर," ते म्हणाले. "पाणीच आहे."

"आन् हा उजवा." भाऊंचं बोट दुसऱ्या फोटोवर गेलं. तिथे थर नव्हतेच, नुसता एक पांढरट ढिगारा. बोट तिथे थांबलं. "याचं छत बसलं," ते म्हणाले. "हा बोगदा गेला."

डॉक्टरांनी हळू आवाजात सांगितलं की उजवा परत येणार नाही, तो आधीच गेला, बहुतेक दीड-दोन वर्षांपूर्वी. डाव्याचं काम चांगलं होतं म्हणून उजवा गेल्याचं कळलंच नाही. डाव्यात आता इंजेक्शनं द्यावी लागतील, डोळ्यात, दर महिन्याला, पाणी ओसरेपर्यंत. उशीर झालाय पण फार नाही.

"दोन वर्षं आधी आलो असतो तं?"

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "तर दोन्ही वाचवायचा प्रयत्न केला असता."

भाऊ खाली बसले. बाईकडे वळले आणि म्हणाले, "भांग सरळच पाडत होती तू." बाई भर दवाखान्यात रडू लागली. मी बाहेर येऊन उभी राहिले.

पहिलं इंजेक्शन त्याच दिवशी झालं. परतीच्या गाडीत भाऊंच्या डोळ्यावर पट्टी होती. बाईला डुलकी लागल्यावर मी त्यांना सांगून टाकलं. म्हटलं, भाऊ, तो व्हिडिओ मीच काढला होता. मीच टाकला.

"माहीत आहे," ते म्हणाले. "पानठेल्यावाल्यानं दाखवला मले. तुह्या जिन्यावरूनच काढल्याचं समजलं." त्यांनी मला पहिल्यांदाच तू म्हटलं होतं. "लय वेळ पाह्यला म्या तो. लोक काऊन हासून राह्यले ते पाहाचं होतं. पन मधातला मानूसच दिसेना. आवाज माहा होता, तोंडाच्या जागी काही नव्हतं."

मी खिडकीबाहेर पाहत राहिले. नागभीड आल्यावर विचारलं, "इतके दिवस फोनला विचारत होता. डोळ्याचं का नाही विचारलं?"

"डोळ्यावर शक कसा घेऊ, पोरी? त्याच्याच भरवशावर मानसं खाली उतरली. तोच खोटा म्हटला तं मंग राह्यलं काय?"

दुसऱ्या आठवड्यात ते फोटोचा कागद घेऊन त्या म्हाताऱ्या गवंड्याच्या गावी गेले. मी सोबत होते. अंगणात उभ्यानंच कागद पुढे केला आणि म्हणाले, "पाहा. तुह्या भिंतीत दोष नव्हता. दोष इथी आहे." गवंड्याला कागदातलं काही कळलं नाही. तो म्हणाला, "भाऊ, म्या घरी येऊन ओळंब्याचा दोरा बदलला. मले वाटलं खरंच माहाच खराब असन." मग आत जाऊन स्वतःच खाट घेऊन आला. माडीवरची खोली त्यानंच पुरी केली. भाऊ तिकडे एकदाही पाहायला चढले नाहीत.

डावा डोळा वाचला. रेघा पूर्ण सरळ झाल्या नाहीत, पण पेपर वाचता येऊ लागला. भाऊ मात्र सुधारले नाहीत. एक खूळ गेलं आणि दुसरं लागलं. भेटेल त्याला धरायचे, "एक डोळा झाक. आता दुसरा झाक. सारखं दिसते का?" बसस्टँडवर, तलावावर मासे विकत बसलेल्या बायांना, तिकीट देणाऱ्या कंडक्टरला. लोक पुन्हा हसू लागले. या वेळी मी हसले नाही. मी त्यांच्यासोबत गणिताची वही घेऊन हिंडले, आमच्या सगळ्या शाळेला आणि शाळेतल्या पोरांच्या आज्या-आजोबांना ठिपका दाखवला. दोघंजण चंद्रपूरला पाठवावे लागले.

मग माझ्या बदलीचा कागद आला. सामान बांधून झालं होतं, दिवेलागण झाली होती. निरोप घ्यायला ओट्यावर गेले तर भाऊंनी विचारलं, "तुह्या मायनं झाकला का डोळा?"

माझी आई धानोऱ्याकडे गावी एकटी राहते. मोहफुलं वेचते, धानाच्या बांधीत राबते, अजून सुईत दोरा ओवते. शेकडो लोकांना वही दाखवली होती मी. तिला विचारायचं मला सुचलंही नव्हतं.

"तिला छान दिसतं, भाऊ."

"लाव फोन."

मी लावला, स्पीकरवर ठेवला. मागे टीव्ही लागलेला ऐकू येत होता.

"माय, एक काम कर. एका हातानं उजवा डोळा झाक. पूर्ण झाक. काय दिसते?"

"काय दिसन वं? टीव्ही दिसते. बाई रडून राह्यली त्याच्यात."

"बरं. आता तो सोड आणि डावा झाक."

तिच्या बांगड्या वाजल्या.

"थांब वं," माय म्हणाली. "लाइट गेली वाटते."

भाऊंनी ओट्यावरून पाय खाली घेतले. फोनमध्ये, मायच्या मागे, टीव्हीतली बाई रडतच होती.